आधी पाय, मग पातं: जंगलातल्या कामाची तयारी

गडचिरोलीत कामाला आले त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या पायात पुण्याहून घेतलेले ट्रेकिंगचे बूट होते. वजनाला हलके आणि हवा खेळती राहावी म्हणून वरून जाळीचं कापड. बांबूच्या बेटात शिरून तासही झाला नव्हता, तेवढ्यात गेल्या साली कुणीतरी तिरका छाटून ठेवलेला खुंट त्या जाळीतून आत घुसला. करंगळीच्या बाजूला दोन टाके पडले. सोबतच्या मामांच्या पायात टायरच्या वहाणा होत्या आणि त्यांना ओरखडाही नव्हता, कारण पाऊल कुठे पडतंय हे त्यांचे डोळे आपोआप बघत होते. "ताई, बूट बेस आहेत, पण सडकेचे आहेत," एवढंच ते म्हणाले.

त्या दोन टाक्यांनंतर जे शिकत गेले ते इथे लिहिते आहे. ग्रामसभेच्या बांबूतोडीला जाणारी नवी पोरंपोरी, संस्थांमधून वर्ष-दोन वर्षांसाठी गावात राहायला येणारे कार्यकर्ते, कोकणात वडिलोपार्जित डोंगरउतार सांभाळू पाहणारे लोक, अशांना ते उपयोगी पडेल. माझं माहेर रत्नागिरीकडचं, काम विदर्भातलं. त्यामुळे कोयता आणि कुऱ्हाड दोन्ही येतील.

निघण्याआधी कागद

हातात कुऱ्हाड घेऊन जंगलात फिरणारा अनोळखी माणूस वनरक्षकाला कसा दिसेल, याचा विचार आधी करा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात काम असेल तर ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, टोळीतल्या माणसांची यादी आणि कक्ष क्रमांक (वन विभागाने जंगलाच्या त्या तुकड्याला दिलेला नंबर) लिहिलेला कागद खिशात हवा. २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे हे शक्य झालं. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला एप्रिल २०११ उजाडला. त्या परवान्याला इकडे सगळे 'टीपी'च म्हणतात आणि टीपीशिवाय जंगलातला बांबू रस्त्यावर आणायचा नाही. खाजगी जमिनीवरही ठरावीक जातींची झाडं तोडायला राज्याच्या १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. वनाबाहेरच्या बांबूला मात्र २०१७ च्या दुरुस्तीने 'झाड' या व्याख्येतून काढलं आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात तर पाऊल टाकण्यापासूनच परवानगीचा प्रश्न येतो.

कक्ष क्रमांक आणखी एका कामाचा आहे. कुणाला लागलं तर १०८ ला फोन केल्यावर "मोठ्या मोहाजवळ" सांगून गाडी येत नाही. कक्ष क्रमांक, नाल्याचं नाव आणि गाडी जिथवर पोचू शकते ती जागा हे तिन्ही टोळीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे. फोनला रेंज कुठल्या टेकाडावर येते, तेही.

पाय

पैसे कमी असतील तर सगळे पायांवर घाला. शर्ट जुना चालतो, कुऱ्हाड उसनी मिळते, बूट उसने मिळत नाहीत.

हिवाळा-उन्हाळ्यात घोटा झाकणारे, जाड रबरी तळाचे बूट लागतात. कातड्याचे असतील तर उत्तम. पोलीस भरतीच्या पोरांना दुकानदार जे कॅनव्हासचे जंगल बूट विकतात, तेही चांगले. ते स्वस्त असतात, नाल्यात भिजले तर लवकर वाळतात आणि खुंटापुढे जाळीच्या बुटांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. कारखान्यात वापरतात ते लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट ओंडके उचलायला, दगड फोडायला छान. पण रोज सात-आठ किलोमीटर चालायचं असेल तर संध्याकाळी पाय जड होतो आणि जड पायच ठेचकाळतो. मी ते रोपांसाठी खड्डे खणायच्या दिवसांत घालते, बांबूला नाही.

बूट अर्धा नंबर मोठा घ्या, कारण दुपारी पाऊल सुजतं. आधी आठवडाभर घरात, अंगणात घालून फिरा. मोजे सुती आणि पोटरीपर्यंत यावेत, जास्तीची एक जोडी पिशवीत. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटा. विंचू रोज निघत नाही, पण तो ज्या दिवशी निघतो त्या दिवशी आपटलेलं बरं असतं.

गमबूट पावसाळ्यात लावणीला, रोपवाटिकेत, चिखलात वापरा. उतारावर नको. आत पाय सरकतो आणि ओल्या दगडावर तळ धरत नाही.

पोटरीसाठी एक फुकटची युक्ती आहे. जुन्या जीन्सचे पाय गुडघ्यापासून खाली कापा, वरच्या टोकाला इलॅस्टिक ओवा, खालचं टोक बुटावर येऊ द्या. काटे, कुसळं, गोचीड, जळवा सगळ्यांना हा पहिला अडसर. गावात हे पाहून आधी हसले, पुढच्या तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) हंगामात चार जणींनी नवऱ्यांच्या जुन्या पँटी कापल्या.

अंगावर

तेंदू तोडायला जाणाऱ्या बाया नीट बघा. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोक्यावरून दुपट्टा घट्ट गुंडाळलेला. दुकानातल्या कुठल्याही 'आउटडोअर' कपड्यापेक्षा हा पोशाख त्या कामाला योग्य आहे. कापूस घाम शोषतो, ढिला शर्ट वारा आत घेतो, बाही काट्याला आधी अडते. साडीखाली पँट घातली तर पोटऱ्याही झाकतात. बऱ्याच ठिकाणी तरुण मुली तसं करतात, आता कुणी नावं ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र अगदी टाळा, ती म्हणजे पॉलिस्टरचे कपडे. स्वस्त, लवकर वाळणारे, सगळं खरं. पण जाळरेषेवर (वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काम करताना ठिणगी पडली की सुती कपड्याला भोक पडतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. फेब्रुवारी ते जून मी अंगावर एकही खेळाडूंचा टी-शर्ट ठेवत नाही.

रंगाचं म्हणाल तर फिकट कपड्यावर गोचीड लगेच दिसते, गडद कपड्यावर ती आरामात वर चढते. आणि जंगलात लपायचं नाहीये आपल्याला. घनदाट बेटात पलीकडचा माणूस दिसला नाही तर कुऱ्हाड त्याच्या दिशेने जाऊ शकते. म्हणून प्रत्येकाच्या अंगात रस्त्याच्या कामगारांसारखं नारिंगी जाकीट असावं (जाळरेषेचं काम सोडून, तेही बहुधा पॉलिस्टरचंच असतं). निदान डोक्याला भडक फडकं बांधा.

दुपट्ट्याची टोकं खोचून टाका, लोंबती ठेवू नका. काचेच्या बांगड्या काढायच्या नसतील तर त्यांवर फडक्याची पट्टी गुंडाळा. बांबूला हात आपटून फुटलेली बांगडी मनगटात शिरलेली मी पाहिली आहे. गळ्यातलं शर्टाच्या आत.

डोळ्यांसाठी साधा प्लास्टिकचा चष्मा घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बांबूतोडीत त्याला पर्याय नाही. कोवळ्या बांबूवरच्या सालपटांना बारीक तपकिरी कुसळ असतं, बेट हललं की ते वरून भुरभुरतं आणि डोळ्यात गेलं की दिवस संपला.

हातमोज्यांबद्दल लोकांशी माझे वाद होतात. पातं धरलेल्या हातात मोजा घालू नये, या मताची मी आहे. घामट मोज्यात दांडा फिरतो. दुसऱ्या हातात, म्हणजे बांबू किंवा काटेरी फांदी धरणाऱ्या हातात, कातडी मोजा जरूर घाला. घाणेरीची काटेरी झुडपं उपटताना दोन्ही हातांत.

पातं

आमच्या कोकणात कोयता हातात धरून चालत नाहीत. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी बांधतात, त्यात कोयता अडकवतात. हात मोकळे राहतात, घसरलो तरी पातं पोटाखाली येत नाही. गडचिरोलीत कुऱ्हाड खांद्यावर टाकून चालायची सवय आहे आणि ती मला आजही धोक्याची वाटते. ओळीत चालताना मागच्याच्या तोंडासमोर पातं असतं. पात्याला जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा खाचेसारखा बसवा, रबराच्या पट्टीने बांधा, पातं खाली आणि हाताशी धरून चाला. दोन माणसांत चार-पाच पावलांचं अंतर.

दांड्याची लांबी मोजायची सोपी रीत आहे. कुऱ्हाडीचं डोकं तळहातात धरा आणि हात सरळ करा, दांड्याचं टोक बगलेपर्यंत यायला हवं. लाकूड धावड्याचं उत्तम, तिवसाचंही चांगलं. रेघा दांड्याच्या लांबीने सरळ गेलेल्या असाव्यात. मध्येच आडव्या फाकल्या असतील तर दांडा तिथेच मोडणार. नेढ्यात (दांडा बसतो त्या भोकात) डोकं हलत असेल तर कुऱ्हाड रात्रभर पाण्यात टाकतात, लाकूड फुगतं आणि डोकं बसतं. हा उपाय सकाळपुरता. उन्हात लाकूड आकसलं की दुपारी तेच डोकं सैल होतं, आणि सैल डोकं सुटून कुणाच्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही. नवी पाचर ठोका, नाहीतर दांडा बदला.

आता धार. बोथट कुऱ्हाड सुरक्षित असते असं ज्याला वाटतं त्याने बांबूवर ती मारून बघावी. बांबूच्या सालीत वाळूतला सिलिका असतो, तो धार खातो. शिवाय साल गुळगुळीत, त्यामुळे बोथट पातं आत न शिरता सटकतं आणि नडगीकडे येतं. धार लावायला मला घरी साधारण पंधरा मिनिटं लागतात. ती अशी:

१. पात्यावरचा चीक आणि गंज रॉकेलच्या फडक्याने पुसा. चिकट पात्यावर कानस भरते आणि घसरते.

२. कुऱ्हाड ओंडक्यावर आडवी ठेवा, धार बाहेर. दांडा पायाखाली किंवा मांडीखाली घट्ट दाबा. कानस धरलेल्या हातात मोजा घाला. मघाशी नको म्हटलं, ते तोडताना. इथे हवाच.

३. धारेच्या कडेवर स्केचपेनने काळी रेघ ओढा. कानसेचे दोन हात मारा आणि बघा शाई कुठली गेली. नुसत्या टोकाची गेली तर तुम्ही कानस फार उभी धरली आहे, मागचीच गेली तर फार आडवी. कडेपासून मागपर्यंत सारखी गेली की कोन बरोबर. ही रेघ म्हणजे नव्या माणसाचा गुरू.

४. कानस एकाच दिशेने, पुढे ढकला. परत आणताना उचला. मागेपुढे घासलं तर कानसेचे दात जातात आणि धारही खवले खाते.

५. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला नख हलकेच आडवं फिरवल्यावर खरखर जाणवली की ती बाजू झाली. मग कुऱ्हाड उलटा.

६. शेवटी निसण्यावर पाणी टाकून दोन्ही बाजूंनी आलटून पालटून फिरवा, खरखर जाईपर्यंत.

७. अंगठा फिरवून धार बघू नका. सुकं सागाचं पान धरा आणि पातं लावा. चुरगळलं नाही, कापलं गेलं तर झालं. मग खोबरेल तेलाचा हात.

विजेच्या ग्राइंडरवर धार लावून आणणारे पुष्कळ आहेत. ठिणग्या उडतात, दोन मिनिटांत पातं चकाकतं. पण कड तापून निळी पडली की पात्याचं पाणी उतरतं, लोखंड मऊ होतं आणि चार बांबूंत धार मुडपते. खाच मोठी असेल किंवा पातं झिजून जाड झालं असेल तर लोहाराकडून शेवटून (तापवून, ठोकून) आणा. तो पुन्हा पाणी देतो, ग्राइंडरवाला नाही.

बांबू तोडताना

हंगाम पावसाळा संपल्यावरचा. जुलै ते सप्टेंबर बेटात शिरायचंच नाही. त्या काळात कोंब वर येत असतात, एक पाय पडला तर पुढच्या वर्षीचा बांबू गेला.

बेटासमोर पोचलात की आधी कुऱ्हाड खाली ठेवा. बेटाभोवती काठी आपटत एक फेरी मारा, म्हणजे साप असेल तर निघून जाईल. हिरवा चापडा पानांत इतका बेमालूम मिसळतो की खालीच नाही, डोळ्यांच्या उंचीलाही बघा. वर आग्या मोहोळ लटकलंय का ते पाहा. असेल तर ते बेट सोडा आणि पुढच्याला जा. दुसरा काही उपाय शोधू नका.

मग वय ओळखा. यंदाच्या बांबूवर सालपटं चिकटलेली असतात, पेरांवर पांढरी भुकटी असते, रंग गडद हिरवा. दुसऱ्या वर्षाच्याची सालपटं गळतात, भुकटी पुसट होते. या दोघांना हात लावायचा नाही, तेच बेटाला धरून असतात. तिसऱ्या वर्षापासून पुढे हिरवा रंग मळका, पिवळसर होतो, अंगावर दगडफुलासारखे डाग येतात आणि कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकलं तर आवाज खणखणीत येतो. तो तोडायचा. नवा बांबू बहुधा बेटाच्या कडेने येतो, जुना मध्ये असतो. त्यामुळे कडेकडेने सोपा सोपा तोडत जाणं म्हणजे बेट संपवणं. एका बाजूने वाट करून आत शिरा आणि मधला काढा.

घाव जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीच्या आत, आणि गाठीच्या लगेच वर घाला. गाठीच्या बराच वर तोडलं तर उरलेल्या नळीत पाणी साचतं, तिथून कूज खाली उतरते. घाव शक्य तितका सपाट घाला. तिरका घाव पटकन बसतो हे खरं, पण मागे भाला उभा राहतो. माझ्या करंगळीला विचारा.

सर्वांत मोठा धोका वाकलेल्या बांबूचा. शेजारच्या बांबूंत शेंडा अडकून कमानीसारखा ताणलेला बांबू खालून तोडला की बुंधा चाबकासारखा उसळतो. कमानीच्या आतल्या बाजूला आणि बुंध्याच्या सरळ मागे कधीही उभं राहू नका. बाजूला राहून तोडा. तोडलेला बांबू वर अडकला असेल तर बुंधा धरून खाली आणि मागे ओढा, दोघांनी, तोंडाने आवाज देत. फाटलेल्या बांबूची कड पात्यासारखी असते, तिथे उघडा हात सरकवू नका. बेटात एका वेळी एकच कुऱ्हाड चालली पाहिजे. दुसरा माणूस ओढायला आणि फांद्या छाटायला बाहेर असावा. तोडलेला पाला बेटावर टाकू नका, कोंबांची वाट अडते आणि वणव्याला सरपण मिळतं.

डोक्यावर किंवा खांद्यावर मोळी न्यायची तर चुंबळ घ्या. लांब बांबू नेताना वळणावर मागचं टोक कुठे फिरतंय ते मागचा माणूस ओरडून सांगतो. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

घाणेरी, खड्डे

घाणेरीला (तुमच्याकडे टणटणी म्हणत असतील) वरून छाटण्यात अर्थ नाही, ती दुप्पट फुटते. पावसाने जमीन मऊ असताना, फळं पिकायच्या आधी, कुदळीने खोडाभोवतीची माती सारा आणि मुळाच्या डोक्याखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडा. झुडूप उचलून मुळं वर करून उलटं ठेवा, म्हणजे मातीला टेकून पुन्हा जगणार नाही. मोकळी झालेली जागा तशीच सोडू नका, गवताचं बी टाका. पुढची दोन वर्षं नवी रोपटी उपटायला यावंच लागतं. जे गाव येत नाही तिथे घाणेरी परत येते.

खड्डे उन्हाळ्यात खणून ठेवतात, म्हणजे माती तापते. मुरमाड जमिनीत टिकावाने फोडायचं, सब्बलीने (पहारीने) दगड हलवायचा, फावड्याने उपसायचं. चष्मा इथेही, दगडाची कपची डोळ्याकडेच येते. सब्बल उन्हात टाकून ठेवली तर दुपारी हातात धरवत नाही, सावलीत ठेवा.

आग आणि ऊन

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा त्याआधी साफ करून, वन कर्मचाऱ्यांच्या देखरेखीत जाळून तयार हव्यात. आजकाल पाला उडवायला पाठीवरचे ब्लोअर आले आहेत. काम झपाट्याने होतं, पण कान झाका आणि पेट्रोल भरताना यंत्र थंड होऊ द्या. गरम इंजिनावर पेट्रोल सांडून जाळरेषेवरच आग लावणारे महाभागही असतात.

आग विझवायला गेलात तर हिरव्या डहाळ्या लागतात, भरपूर. डहाळी वर उचलून आपटू नका, ठिणग्या उडतात. जमिनीलगत दाबत, जळालेल्या बाजूकडे सारा. उतारावर आग वर धावते आणि तुमच्यापेक्षा वेगाने धावते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला थांबू नका. परतीची वाट आधी बघून ठेवा. अडकलातच तर जळून काळ्या झालेल्या जमिनीवर जा, तिथे आता जळायला काही उरलेलं नसतं. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहावरून टिपलेल्या आगीचे इशारे मोबाइलवर येतात, ग्रामसभेतल्या दोघांनी तरी नोंदणी करावी. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६.

बऱ्याच आगी मोहाखालचा पाला जाळण्यातून लागतात, फुलं स्वच्छ जमिनीवर दिसावीत म्हणून. झाडाखाली जुन्या साड्या शिवून किंवा जाळी अंथरली तर फूल स्वच्छ मिळतं आणि पाला जाळावा लागत नाही.

तेंदूचा हंगाम ऐन उन्हाळ्यातला. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. पहाटे उजेड होताच निघायचं, दहाच्या आत परत. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचं काम घरच्या सावलीत. पाणी माणशी चार-पाच लिटर. नुसतं पाणी पिऊन घाम गाळणाऱ्याला पायात गोळे येतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचं माप पाठ करा. चमचा चहाचा. इकडची आंबील किंवा तांदळाची पेज मीठ घालून तितकीच चालते. वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ती दुपारपर्यंत गार राहते, स्टीलच्या महागड्या बाटलीपेक्षा मला तो तुंबाच आवडतो. चालता चालता माणूस बरळू लागला, अंग तापलं, तर थांबा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि दवाखान्याची गाडी बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

ओलावा, किडे, चीक

सह्याद्रीत पावसाळी कामाला जळवा असणारच. तंबाखूच्या पाण्यात मोजे भिजवून वाळवून घालतात, उपयोग होतो. चिकटलेली जळू ओढून काढू नका. नखाने तिच्या तोंडाची कड सोडवा.

गोचिडीला कोकणात हलक्यात घेऊ नका. तिच्यामुळे पसरणारा माकडताप, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ पासून दोडामार्ग परिसरात माणसं घेऊन गेला आहे. काजूबागेत पाला गोळा करणाऱ्यांना धोका जास्त, आणि साधारण डिसेंबर ते मे. आरोग्य केंद्रातून मिळणारं कीटकरोधी तेल उघड्या अंगाला लावा, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवा. विदर्भात २०१८ साली स्क्रब टायफसची साथ आली होती, ती झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे. जंगलात जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना "मी रानात होते" हे पहिलं सांगा आणि अंगावर काळ्या खपलीचा व्रण आहे का ते दाखवा. गडचिरोलीत मलेरियाची तपासणी त्याच दिवशी.

बिब्ब्याखाली काम असेल तर हातांना आधी खोबरेल चोळा, चीक लागला की अंगावर उततो. खाजकुइलीच्या वाळल्या शेंगा दिसल्या तर वारा जिकडून येतो त्या अंगाने जा. लागलीच तर खाजवू नका, चिकटपट्टी लावून कुसळं ओढून काढा, मग धुवा.

साप, अस्वल, वाघ

सापाने चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला चालवू नका. चावलेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवा, अंगठ्या आणि कडी काढा, चावल्याची वेळ लिहा आणि थेट दवाखान्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी एकत्र बनवलेली लस (म्हणजे चावल्यावर द्यायचं प्रतिविष) सरकारी रुग्णालयात मिळते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत येत नाही.

अस्वल दचकलं की अंगावर येतं, म्हणून बोलत, खोकत, काठी वाजवत चाला. मोहाच्या दिवसांत भल्या पहाटे एकटं जाऊ नका. वाघाच्या भागात वाकून किंवा बसून काम करणारा माणूस जास्त धोक्यात असतो. चार-पाच जण जवळजवळ असा आणि त्यातला एक उभा राहून फक्त आजूबाजूला बघू द्या. तो उभा माणूस आळशी वाटतो, मजुरीत त्याला पूर्ण हिस्सा द्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी उभं राहणार नाही. आग्या मोहोळ उठलं तर तोंड झाकून पळा, पाण्यात उडी मारू नका, माश्या वर वाट बघत बसतात.

पिशवी आणि परतीची वाट

टोळीमागे एक पिशवी पुरे: लांब पट्टीची दोन बंडलं, निर्जंतुक कापूस-गॉज, पोव्हिडोन आयोडीन, जलसंजीवनीची पाकिटं, चिमटा, चिकटपट्टी, कात्री, टॉर्च, शिट्टी, दोरी, काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं हे प्रत्येकाने आठवून बघा. दहा वर्षं झाली असतील तर हंगामाआधी घ्या.

मला आणि माझ्या ओळखीच्यांना लागलेल्या जखमा आठवते तेव्हा त्यातल्या बहुतेक शेवटच्या तासातल्या निघतात. "एवढे चार बांबू झाले की जाऊ," असं म्हणून. आमच्या टोळीत आता नियम आहे की दुपारी तीनला शिट्टी वाजली की कुऱ्हाड जिथे असेल तिथे थांबते, अर्धवट घाव घातलेला बांबू तेवढा खाली आणायचा. मग नाल्यापाशी सगळी हत्यारं ओळीने ठेवून मोजतात. एकदा एक कोयता कमी निघाला. दोघं परत गेले, तो बेटातच पाल्याखाली पडलेला होता, धार वर करून.

घरी आल्यावर बूट काढायच्या आधी एकमेकांची मान, कानामागची जागा आणि पोटऱ्या बघतो. मग चहा.